तेल कुठल्या गिरणीचं?

युरोपने तारीख पुन्हा पुढे ढकलली. जंगल तोडून काढलेला माल आमच्या बाजारात विकू देणार नाही, असा कायदा युरोपीय संघाने 2023 साली केला होता. गुरं, कोको, कॉफी, पाम तेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड. 31 डिसेंबर 2020 नंतर ज्या जमिनीवरचं जंगल गेलं, तिथला यातला कुठलाही माल घ्यायचा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. अंमल 30 डिसेंबर 2024 पासून व्हायचा होता. तो एक वर्ष लांबला. ते वर्ष संपत आलं तेव्हा आणखी एक वर्ष लांबवला. आता मोठ्या कंपन्यांसाठी 30 डिसेंबर 2026 आणि अगदी छोट्या व्यावसायिकांसाठी 30 जून 2027.

दुसऱ्या वेळी कारण काय दिलं? नोंदी ठेवणाऱ्या संगणक प्रणालीला एवढा भार पेलवणार नाही. ज्या युरोपात वाइनच्या बाटलीवर आणि चीजच्या गोळ्यावर कुठल्या भागाचं नाव लावायचं याचे कायदे आहेत, त्या युरोपाला सोयाबीनच्या पोत्याचा पत्ता लिहून ठेवता येत नाही, हे मी मान्य करणार नाही. यात नुकसान कोणाचं झालं? ज्या कंपन्यांनी कायदा खरा मानला, शेतांचे नकाशे काढले, पुरवठादारांच्या याद्या तयार केल्या, त्यांचं. काही मोठ्या चॉकलेट कंपन्या तर मुदत वाढवू नका म्हणून स्वतः सांगत होत्या. त्यांचं कोणी ऐकलं नाही. जे हात बांधून बसले होते, ते जिंकले.

तारखा पुढे ढकलण्याचा हा इतिहास जुना आहे. 2010 साली जगातल्या बड्या ग्राहकोपयोगी कंपन्यांच्या मंचाने सांगितलं, 2020 पर्यंत आमच्या मालातून जंगलतोड हद्दपार. 2014 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला सरकारं, कंपन्या आणि संस्थांनी मिळून जाहीरनामा काढला. पाम तेल, सोया, कागद, गोमांस यांच्यामुळे होणारी तोड 2020 पर्यंत थांबवू, आणि 2030 पर्यंत जंगलतोडच बंद करू. 2020 आलं आणि गेलं. 2021 मध्ये ग्लासगोला 140 हून अधिक देशांनी 2030 ची शपथ घेतली. भारताने त्यावर सही केली नाही. मग 2025 च्या नोव्हेंबरात हवामान परिषद भरली ती ॲमेझॉनच्या मुखाशी, बेलेंमध्ये. जंगलतोड थांबवण्याचा टप्प्याटप्प्याचा आराखडा ठरावात घालावा, असं कितीतरी देश म्हणत होते. शेवटच्या मसुद्यात तो आला नाही. ॲमेझॉनच्या दारात बसून या आराखड्याचं एक वाक्य मंजूर होत नसेल, तर ते कुठे होणार?

आता आकडे. 2014 च्या जाहीरनाम्याचं काय झालं, हे तपासून दरवर्षी अहवाल काढणारे लोक आहेत. संशोधन संस्था आणि स्वयंसेवी संघटनांची ती आघाडी आहे. त्यांचा 2025 चा हिशेब असा: 2024 या एका वर्षात जगात सुमारे 81 लाख हेक्टर जंगल गेलं. 2030 चं ध्येय गाठायचं तर जेवढ्यावर थांबायला हवं होतं, त्यापेक्षा हे 63 टक्के जास्त. उष्णकटिबंधातलं अस्सल, कधी न तोडलेलं जंगल वेगळं मोजलं, तर त्या वर्षी 67 लाख हेक्टर गेलं. म्हणजे अख्ख्या मराठवाड्याहून थोडं जास्त, एका वर्षात. त्यातलं जवळजवळ निम्मं आगीत गेलं. पण उष्णकटिबंधातल्या या आगी बहुतेक माणसाने लावलेल्या असतात. शेत किंवा कुरण साफ करायला काडी लावायची, आणि कोरड्या वर्षी ती आग शेजारच्या रानात घुसते. आगीला निसर्गाच्या खात्यावर टाकून कोणी मोकळं होऊ नये.

दुसरीकडे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने त्याच सुमारास सांगितलं की परिस्थिती सुधारतेय. 1990 च्या दशकात वर्षाला 1 कोटी 76 लाख हेक्टर जंगल तुटत होतं, 2015 ते 2025 या काळात ते 1 कोटी 9 लाखांवर आलं. हा आकडाही खोटा नाही. पण तो देशांनी स्वतः कळवलेल्या माहितीवर उभा आहे. शिवाय वजाबाकीचा आकडा पुढे केला, म्हणजे तुटलेल्यातून नवीन वाढलेलं वजा केलं, की तोटा आणखी लहान दिसतो. वजाबाकीवर माझा राग आहे. बोर्निओचं शंभर हात उंच रान पाडायचं, दुसरीकडे निलगिरीच्या रांगा लावायच्या आणि हिशेब जुळला म्हणायचं, याला प्रगती म्हणत नाहीत. आपणही यातले आहोत. ग्रेट निकोबारच्या बेटावर 130 चौरस किलोमीटर वनजमीन प्रकल्पाला दिली, आणि भरपाईची झाडं लावायची ठरवली हरियाणात. निकोबारच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारं समुद्री कासव हरियाणाला जाणार आहे का?

मोजणारे कमी पडत नाहीत. या सगळ्या प्रकरणात हेच मला सर्वांत जास्त टोचतं. उपग्रह वरून बघतोय, दर काही दिवसांनी त्याच जागेचं नवं चित्र पाठवतोय. कुठल्या तालुक्यात, कुठल्या नदीकाठी, कुठल्या आठवड्यात झाडं पडली, हे घरबसल्या कोणालाही बघता येतं. त्या चित्रावरून उठून कोणी कारवाई करणार आहे का, हा प्रश्न उरतो.

जिथे केली, तिथे जंगल वाचलं. ब्राझीलचं उदाहरण घ्या. 2004 साली तिथल्या ॲमेझॉनमध्ये एका वर्षात 27,772 चौरस किलोमीटर जंगल तुटलं. त्याच वर्षी सरकारने कृती आराखडा आणला, आणि अवकाश संशोधन संस्थेने तोडीची ताजी सूचना देणारी यंत्रणा सुरू केली. सूचना आली की पर्यावरण खात्याची माणसं हेलिकॉप्टरने त्या जागी जायची. दंड, जप्ती, जमिनीवर बंदी. 2008 पासून नियम मोडणाऱ्या ॲमेझॉनमधल्या जमीनदाराला सरकारी स्वस्त कर्ज मिळेना. बँकेचं दार बंद झालं की भल्याभल्यांना कायदा आठवतो. 2012 साली तोड 4,571 चौरस किलोमीटरवर आली. आठ वर्षांत ऐंशी टक्क्यांहून जास्त घट, आणि या काळात सोयाबीनचं पीक एकूणात वाढलंच. जंगल राखलं तर शेती बुडेल, असं सांगत फिरणाऱ्यांनी हे आठ वर्षांचे आकडे पाठ करावेत.

नंतर काय झालं, तेही त्याच संस्थेच्या आकड्यांत आहे. 2019 मध्ये तोड वाढल्याचं तिने दाखवलं. राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी आकडे खोटे ठरवले. संस्थेचे प्रमुख, भौतिकशास्त्रज्ञ रिकार्डो गाल्वांव, आपल्या आकड्यांवर ठाम राहिले. ऑगस्टमध्ये त्यांना पदावरून हटवण्यात आलं. 2021 साली तोड 13,038 चौरस किलोमीटरवर पोचली. मग सरकार बदललं, मारीना सिल्वा पुन्हा पर्यावरणमंत्री झाल्या, यंत्रणा पुन्हा कामाला लागली. 2025 च्या जुलैअखेर संपलेल्या वर्षाचा आकडा 5,796. त्याच संस्थेने, त्याच पद्धतीने मोजलेलं जंगल एका सरकारच्या हाताखाली तुटतं आणि दुसऱ्याच्या हाताखाली टिकतं. इतका साफ पुरावा राजकारणात क्वचित मिळतो.

ब्राझीलमधलाच सोयाबीनचा करार तर अभ्यासाला लावावा असा आहे. 2006 मध्ये ग्रीनपीसने युरोपातल्या कोंबड्यांच्या खाद्यापासून ॲमेझॉनच्या शेतापर्यंतचा माग काढून दाखवला. मोठमोठ्या धान्य व्यापाऱ्यांची नाचक्की झाली. त्यांनी एकत्र येऊन ठरवलं, ॲमेझॉनमध्ये नव्याने जंगल तोडलेल्या जमिनीचं सोयाबीन आम्ही घेणार नाही. त्याआधीच्या दोन वर्षांत तिथे सोयाबीनखाली आलेल्या नव्या जमिनीपैकी जवळजवळ तीस टक्के थेट जंगल तोडून मिळवलेली होती. 2014 पर्यंत ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. सरकारी कायदा नव्हता. गिऱ्हाईक एकमुखाने नाही म्हणालं, एवढंच. या करारात भोक होतं, तेही सांगायला हवं. करार फक्त ॲमेझॉनपुरता होता, म्हणून नांगर शेजारच्या सेर्रादोत घुसला. ते सवानाचं रान, दिसायला खुरटं, पण पाणी धरून ठेवणारं. तरीही ॲमेझॉनपुरता तो करार चालला. आता तोच मोडायला निघालेत. माटो ग्रोसो राज्याने कायदा केला की कायद्याहून कडक अट पाळणाऱ्या कंपन्यांची करसवलत काढून घेऊ. ऑगस्ट 2025 मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा नियामकाने कराराविरुद्ध आदेश काढला. जास्त चांगलं वागल्याबद्दल शिक्षा देणारा कायदा मी याआधी पाहिला नव्हता.

गोमांसाची गोष्ट याहून वाईट. उष्णकटिबंधात जी जमीन तोडीनंतर खरोखर उत्पादनाखाली येते, तिचा निम्मा वाटा गुरांच्या कुरणांचा असतो. कत्तलखाने म्हणतात, आमचे सगळे पुरवठादार तपासलेले. बरोबर, शेवटचा पुरवठादार तपासलेला असतो. वासरू जन्मतं एका जागी, वाढतं दुसऱ्या जागी आणि शेवटचे काही महिने स्वच्छ कागद असलेल्या तिसऱ्या जागी राहतं. जन्माची जागा नुकतीच जाळलेल्या रानात असली तरी कोणी विचारत नाही. यावर इलाज माहीत आहे, प्रत्येक जनावराला जन्मापासून क्रमांक द्यायचा. ब्राझीलने देशभरासाठी त्याची मुदत ठेवलीय 2032. आपल्याकडे गायी-म्हशींच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला मारण्याचं काम वाड्या-वस्त्यांवर झालं, आणि बिल्ला नसेल तर बाजारात खरेदी-विक्री नाही असा नियम महाराष्ट्राने 2024 मध्ये लावला. कोरडवाहू तालुक्यातल्या दोन म्हशींच्या मालकाला जमलं ते हजारो एकरांच्या मालकाला 2032 पर्यंत जमत नाही, हे पटण्यासारखं नाही.

आणखी एक गोष्ट, फार कमी बोलली जाणारी. 2022 मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने दाखवलं की उष्णकटिबंधातल्या तोडीपैकी 90 ते 99 टक्क्यांचा शेतीशी थेट किंवा आडून संबंध असतो. पण तोडलेल्या जमिनीपैकी पिकाखाली किंवा चराईखाली येते ती केवळ 45 ते 65 टक्के. बाकीची जमीन आग पसरून गेलेली असते, किंवा पुढे भाव येईल म्हणून कब्जा करून पडीक ठेवलेली असते. म्हणजे लोकांच्या पोटासाठी जंगल तोडावं लागतं, हा युक्तिवाद निम्म्या जमिनीवर उभाच राहत नाही. ज्या तोडीतून खरोखर माल निघतो, तिच्यातला साधारण चौथा हिस्सा निर्यातीचा. इंडोनेशिया तर आपलं पाम तेल डिझेलमध्ये चाळीस टक्क्यांपर्यंत मिसळतो. म्हणून एकट्या युरोपच्या कायद्याने जग सुधारणार नाही, हे खरं. पण पाम तेलाच्या निर्यातीत सर्वांत मोठं गिऱ्हाईक कोण, तिथे आपला नंबर लागतो.

पाम तेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार भारत आहे. वर्षाला साधारण 75 ते 95 लाख टन, बहुतेक इंडोनेशिया आणि मलेशियातून. फरसाण, बिस्किटं, वेफर्स, गाड्यावरची भजी, अंगाचा साबण, सगळीकडे ते आहे. ते गरिबाचं तेल आहे, स्वस्त म्हणून लोक घेतात, आणि त्यात त्यांचा काडीचा दोष नाही. एप्रिल 2022 मध्ये इंडोनेशियाने निर्यात तीनेक आठवडे बंद केली तेव्हा आपल्याकडे भाव कसे तापले, ते घर चालवणाऱ्या बाईला आठवत असेल. तिला दोष देणारं पर्यावरणप्रेम मला नको. प्रश्न तिच्या वरच्या साखळीला आहे: जहाज मागवणाऱ्याला, तेल शुद्ध करणाऱ्याला, पिशवीत भरणाऱ्याला.

आणि पाम तेलाचा माग काढणं अवघड नाही. ताडाच्या या जातीचे फळांचे घड काढले की दिवस-दोन दिवसांत गिरणीत जावे लागतात, नाहीतर तेल खराब होतं. म्हणून गिरणी बागेच्या जवळच असते, ढोबळमानाने पन्नास किलोमीटरच्या आत. गिरणीचं नाव कळलं की फळ कुठल्या टापूतलं, हे कळतं. त्या टापूवर उपग्रह आहेच. जगभरातल्या पाम गिरण्यांची यादी, नकाशावरच्या जागांसकट, 2018 पासून उघडी आहे. मोठ्या व्यापारी गटांनी जंगल तोडणार नाही, दलदलीची जमीन खणणार नाही, माणसांना राबवणार नाही, असं धोरण 2013 पासून जाहीर केलेलं आहे, आणि त्यांच्या गिरण्यांच्या याद्या पाश्चात्त्य गिऱ्हाइकांसाठी प्रसिद्ध होतात. इंडोनेशियातल्या अस्सल जंगलाची तोड 2016 नंतर बरीच खाली आली, तिला सरकारी बंदीबरोबर हा दबावही कारण होता.

मग 2024 च्या अखेरीस इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष प्रबोवो म्हणाले, पाम लागवड वाढवू, जंगलतोडीला घाबरायचं कारण नाही, पामही झाडच, त्यालाही पानं असतात. ओरांगउटानला त्या पानांत घर मिळत नाही. आपण मात्र हसायच्या आधी आपला वन अहवाल उघडावा. 2023 च्या अहवालात देशाचं वनाच्छादन 7,15,343 चौरस किलोमीटर आहे. त्यात एक हेक्टरहून मोठी आणि दहा टक्के छाया असलेली कुठलीही जमीन मोजली जाते, झाड कुठलंही असो, मालक कोणीही असो. आंब्याची बाग त्यात आली, रबराची आली.

रबराचं म्हणाल तर ते आपल्या दारात आहे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या खोऱ्यात, खाजगी डोंगर विकले गेले, रान साफ झालं आणि रबराच्या रांगा लागल्या. वाघ-हत्तींच्या येण्या-जाण्याचा तो पट्टा आहे. सावंतवाडी-दोडामार्गमध्ये झाडं तोडायला 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घातली, तरी तोडीच्या तक्रारी थांबल्या नाहीत. उपग्रहातून ही रबराची टेकडी हिरवीच दिसते. वन अहवालात ती हिरवीच धरली जाते. अन्न आणि कृषी संघटनाही रबराच्या लागवडीला जंगलातच मोजते. आणि युरोपने आपल्या कायद्यासाठी देशांची वर्गवारी केली, तेव्हा भारत कमी धोक्याच्या यादीत बसला. तिथे तपासणी शंभरात एकाची. रान गेलं, हत्ती गावात शिरले, पिकं तुडवली गेली, आणि कागदावर काहीच घडलं नाही. मोजमापाची व्याख्या चुकीची असली की असं होतं, आणि हे नुकसान दोडामार्गचा शेतकरी सोसतोय.

आता आपलं सरकार काय म्हणतं? युरोपचा कायदा ही व्यापारातली आडकाठी आहे. यात थोडं तथ्य आहे. कोडगूच्या चार एकरांच्या कॉफीवाल्याला स्वखर्चाने नकाशा काढायला लावणं अन्यायाचं आहे. इंडोनेशियातली चाळीस टक्क्यांच्या आसपास पाम लागवड छोट्या शेतकऱ्यांची आहे, त्यांना पैसा आणि मदत द्यायलाच हवी. पण छोट्या शेतकऱ्याला पुढे करून मागे लपणारे कोण आहेत, तेही बघा. आणि विक्रेता म्हणून आपल्याला तक्रार असेल, खरेदीदार म्हणून आपण काय केलं? पाम तेलाचं जगातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक असूनही भारताने एकही अट घातलेली नाही. ज्या व्यापारी गटाकडे युरोपसाठी गिरण्यांची यादी तयार आहे, त्याच गटाचं जहाज आपल्या बंदराला लागतं तेव्हा आपण भाव, आम्लाचं प्रमाण आणि आयात शुल्क विचारतो. गिरणीचं नाव विचारत नाही. युरोपने नाकारलेला माल मग कुठे जाणार, याचं उत्तर द्यायला तज्ज्ञ लागत नाही.

विचारण्याची सोयही झालेली आहे. खाद्यतेलाबाबतच्या 2011 च्या आदेशात केंद्राने 2025 मध्ये दुरुस्ती केली. तेल काढणाऱ्या, शुद्ध करणाऱ्या, भरणाऱ्या सगळ्यांनी नोंदणी करायची आणि उत्पादन-साठ्याचं विवरण दर महिन्याला ऑनलाइन भरायचं. साठेबाजी पकडण्यासाठी हे आहे, आणि ते योग्यच आहे. त्याच विवरणात, आयात तेलापुरता, आणखी एक रकाना घालायचा: तेल कुठल्या गिरणीतून आलं. ज्यांची यादी युरोपला जाते, त्यांनी ती 31 मार्चच्या आत भरावी. बाकीच्यांना एक वर्ष द्या, छोट्यांना दोन. आणि ती तारीख पुढे ढकलू नका.